धरणाखालची जमीन काय सांगते?



यंदा आठवीची सहल नागार्जुनसागरला गेली होती. धरणाच्या भिंतीसमोर उभे राहून सगळे जण उंची किती, लांबी किती, दरवाजे किती, वीज किती अशी माहिती वहीत उतरवून घेत होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, इथे मोठा भूकंप झाला तर? बांधायच्या आधी कोणी ते तपासतं का?"

मी तिला म्हणालो, "तपासतात तर! इंजिनिअर लोक सगळा विचार करूनच बांधतात." उत्तर चुकीचे नव्हते, पण परतीच्या बसमध्ये ते माझे मलाच अपुरे वाटू लागले. विचार करतात म्हणजे नेमके काय करतात? कशावरून ठरवतात? आणि तो विचार कधी चुकतो का? तिच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर या लेखातून देण्याचा प्रयत्न करतो. पालक आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा, कारण धरणाचे पाणी आपण सगळेच पितो.

हे उत्तर शोधण्यासाठी आपण हैदराबादकरांनी फार लांब जायला नको. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात २००४ पासून कृष्णेचेही पाणी आहे. या कृष्णेला कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते. कोयनेवरच्या धरणाने साऱ्या जगाला भूकंपाचा एक मोठा धडा दिला, आणि त्या धड्याचा बराचसा अभ्यास आपल्याच शहरात, उप्पल रस्त्यावरील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत झाला. म्हणून सुरुवात कोयनेपासून करू.

११ डिसेंबर १९६७ची पहाट

सातारा जिल्ह्यातील कोयना धरण १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०० मीटर लांब आहे. मागच्या शिवसागर जलाशयात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच काळात आसपासच्या गावांना बारीक बारीक हादरे जाणवू लागले, जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. या हादऱ्यांची नोंद घेण्यासाठी भूकंपमापक यंत्रे बसवली गेली. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचपेक्षा मोठ्या तीव्रतेचा एक धक्का बसला. आणि ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, लोक साखरझोपेत असताना, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला.

कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे १८० माणसे दगावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. वीजकेंद्र बंद पडल्याने मुंबईपर्यंत अंधार झाला. आपल्या एका विद्यार्थ्याच्या आजी पाटण तालुक्यातल्या. त्या सांगतात, "घर पडलं त्याची भीती नंतर वाटली. बाहेर आल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, धरण आहे का गेलं?"

धरण जागेवर होते. पण त्याला तडे गेले होते. ज्या उंचीवर भिंतीचा उतार बदलतो, त्याच पातळीवर, म्हणजे माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, उंच भागांत आडव्या भेगा पडल्या होत्या.

०.०५ आणि ०.४९

आता दोन आकडे लक्षात ठेवा. या लेखाचे सार त्यांतच आहे.

पहिला आकडा ०.०५. धरणाचा आराखडा करताना अभियंत्यांनी भूकंपाचा विचार केलेला होता. भूकंप आलाच तर धरणाला त्याच्या वजनाच्या ०.०५ पट, म्हणजे विसाव्या हिश्श्याएवढा आडवा रेटा बसेल असे त्यांनी धरले होते. शंभर किलोच्या दगडाला बाजूने पाच किलोचा धक्का, असा हा हिशेब. त्या काळी दख्खनचे पठार हा भूमीचा जुना, शांत, स्थिर तुकडा आहे असेच भूशास्त्र सांगत होते. त्या माहितीनुसार ०.०५ हा आकडा काही निष्काळजीपणाचा नव्हता.

दुसरा आकडा ०.४९. धरणाच्या आतल्या तपासणी बोगद्यात, ज्याला गॅलरी म्हणतात, एक त्वरणमापक यंत्र बसवलेले होते. त्या पहाटे त्याने आपले काम चोख केले. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४९ पट आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट त्वरण त्याने नोंदवले. म्हणजे कागदावर धरलेल्याच्या जवळपास दहापट!

मग धरण पडले कसे नाही? विद्यार्थ्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. कागदावरचा रेटा सतत एकाच दिशेने लागतो असे धरून गणित केले होते. प्रत्यक्षात कमाल त्वरण सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरते टिकते आणि लगेच उलट दिशेने फिरते. भिंत ढकलली जाऊन पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो तिला देत नाही. शिवाय चांगल्या बांधकामात हिशेबापलीकडची ताकद राखून ठेवलेली असते. तरीही ०.०५च्या आकड्यावर यापुढे विसंबता येणार नाही, हे सर्वांना कळून चुकले. भेगा बुजवल्या गेल्या, पोलादी तारांनी भिंत ताणून बांधली गेली आणि नंतर उंच भागांना खालच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले.

धरणाची जागा तपासणे म्हणजे काय, तर असा दुसरा आकडा भूकंपाने दाखवण्याआधी आपण शोधून काढणे. त्यासाठी जमिनीला काही प्रश्न विचारावे लागतात. ते आता एकेक करून पाहू.

प्रश्न पहिला : इथे पूर्वी काय घडले?

सर्वप्रथम त्या जागेच्या भोवतालच्या शेकडो किलोमीटरच्या परिसरात झालेल्या सगळ्या भूकंपांची यादी करतात. अलीकडचे भूकंप यंत्रांच्या नोंदीत मिळतात. त्याआधीचे शोधायला जुने दप्तर, प्रवासवर्णने, वर्तमानपत्रे, पडझड झालेल्या देवळांच्या डागडुजीच्या नोंदी असे काय काय धुंडाळावे लागते. इतिहासाचा आणि विज्ञानाचा तास इथे एकत्र भरतो म्हणा ना!

पण या प्रश्नाच्या उत्तरात एक फसगत आहे. यंत्रांचा इतिहास जेमतेम सव्वाशे वर्षांचा, आणि पठारावरचा एखादा मोठा भूकंप पुन्हा त्याच जागी यायला हजारो वर्षे लागू शकतात. 'नोंद नाही' म्हणजे 'घडत नाही' असे नव्हे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक मराठवाड्यात आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. किल्लारी त्या वेळच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. १९९२ मध्ये तिथे लहान हादरे जाणवत होते. आणि ३० सप्टेंबर १९९३ला, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे, तिथे ६.२ तीव्रतेचा भूकंप होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तो धक्का हैदराबादेतही जाणवला होता. आई-वडिलांना विचारून पाहा, अनेकांना आठवत असेल.

प्रश्न दुसरा : भेग कुठे आहे?

पृथ्वीच्या कवचातले खडक काही ठिकाणी तुटलेले असतात आणि तुटलेल्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात. याला प्रस्तरभंग म्हणतात. साठलेला ताण सहन न होऊन या बाजू अचानक सरकल्या की भूकंप होतो. म्हणून भूशास्त्रज्ञ उपग्रहाच्या छायाचित्रांत सरळ रेषा शोधतात, एखादा ओढा विनाकारण काटकोनात वळला आहे का ते पाहतात, चर खणून मातीचे थर तुटले आहेत का ते तपासतात, विंधनविवरे घेऊन खालचा खडक वर काढतात.

भेग भिंतीच्या जवळ असणे वेगळे आणि थेट खाली असणे वेगळे. हादऱ्याला तोंड देईल अशी भिंत बांधता येते, पण पायाच दोन तुकडे होऊन सरकला तर काँक्रीटची भिंत काय करणार? २१ सप्टेंबर १९९९च्या तैवानमधील भूकंपात शिह-कांग धरणाच्या एका टोकाखालून प्रस्तरभंग गेला आणि दोन बाजूंच्या पातळीत सुमारे आठ मीटरचा फरक पडला. धरणाचा तो भाग मोडला, बाकीचा मोठा भाग मात्र उभा राहिला. म्हणून जिवंत भेगेवर काँक्रीटचे धरण बांधायचे नाही, जागाच बदलायची, हा पहिला नियम.

आपल्या पठारावर हा शोध आणखी अवघड आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर इथे जुन्या खडकांवर पसरले आहेत. कोयनेच्या भागात या काळ्या पाषाणाची जाडी एक किलोमीटरच्या आसपास आहे. भूकंप होतात ते त्याच्याही खाली, जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकांत. घोंगडीखाली झाकलेल्या पाटीवरचा तडा वरून कसा दिसणार? म्हणूनच कोयना परिसरात खोल विंधनविवरे घेण्याचा प्रकल्प भारत सरकारने हाती घेतला. २०१७ मध्ये तिथे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पूर्ण झाले आणि कऱ्हाडला यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळाही आहे.

प्रश्न तिसरा : केवढा, आणि किती वेळा?

भूकंपाची तीव्रता एकाने वाढली की जमिनीचे हलणे दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट वाढते. पण निसर्गाने यात एक दिलासाही ठेवला आहे. तीव्रता एकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहापटीने घटते. कोयनेचीच नोंद पाहा. १९६२ पासून तिथे चार किंवा अधिक तीव्रतेचे सुमारे दोनशे भूकंप झाले, पण पाच किंवा अधिक तीव्रतेचे वीस-बावीसच. या नियमामुळे लहान हादरे मोजून मोठ्यांचा अंदाज बांधता येतो. लहान हादरे नोंदवणारी यंत्रे बांधकामाच्या कितीतरी आधीपासून बसवायची असतात, ती याच कारणासाठी.

इथे गणिताचा एक गमतीदार भाग येतो. '४७५ वर्षांतून एकदा येणारा हादरा' असे शब्द अहवालात असतात. याचा अर्थ आज आला तर पुढची ४७४ वर्षे निर्धास्त, असा मुळीच नाही! अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता ४७५ मध्ये १. न येण्याची शक्यता ४७५ मध्ये ४७४. हा अपूर्णांक स्वतःशीच पन्नास वेळा गुणा. उत्तर ०.९०च्या आसपास येईल. म्हणजे पन्नास वर्षांत तो हादरा न येण्याची शक्यता ९० टक्के आणि येण्याची १० टक्के. दहावीच्या मुलांनी कॅलक्युलेटर घेऊन हे जरूर करून पाहावे. त्याच रीतीने २,४७५ वर्षांचा हादरा घेतला तर पन्नास वर्षांत तो येण्याची शक्यता २ टक्के निघते.

प्रश्न चौथा : हादरा धरणापर्यंत कसा पोहोचेल?

भूकंप दूर झाला तर त्याचा जोर वाटेत ओसरतो. म्हणून जवळचा मध्यम भूकंप दूरच्या मोठ्या भूकंपापेक्षा जास्त त्रासदायक ठरू शकतो. प्रत्येक भेगेबाबत अभियंते विचारतात : हिच्यावर जास्तीत जास्त केवढा भूकंप होऊ शकेल, आणि ती धरणापासून किती अंतरावर आहे? त्यातून धरणाच्या जागी किती त्वरण पोहोचेल हे काढतात. ही एक पद्धत. दुसऱ्या पद्धतीत सर्व भेगा, सर्व आकारमाने आणि त्यांची वारंवारता एकत्र करून, अमुक त्वरण ओलांडले जाण्याची दरवर्षीची शक्यता किती, हे मांडतात. मोठ्या धरणासाठी दोन्ही पद्धतींची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची रीत आहे.

एवढ्यावर भागत नाही. आकडा एकच असला तरी हलण्याची लय वेगवेगळी असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके ढकलले तरी तो उंच जातो, लय चुकली तर जोर लावूनही जात नाही. उंच भिंतीलाही स्वतःची लय असते. जमिनीच्या हलण्याची लय तिच्याशी जुळली तर माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलतो. कोयनेच्या भेगा पायाशी न पडता वरच्या भागात, जिथे भिंत एकदम बारीक होते तिथे पडल्या, त्याचे मर्म हेच. म्हणून आता केवळ एका आकड्यावर न थांबता, संगणकावर भिंतीची प्रतिकृती करून तिला संपूर्ण भूकंपाची नोंद 'सोसायला' लावतात.

प्रश्न पाचवा : पाया आणि माल कसा आहे?

खडकावर उभे असलेले काँक्रीटचे धरण आणि मातीचे धरण यांची दुखणी निराळी. काँक्रीटला तडे जातात. पाण्याने भिजलेली सैल वाळू मात्र जोरात हलली की काही क्षण पातळ चिखलासारखी वागू लागते. भिजलेल्या वाळूवर पाय आपटून पाहिला असेल तर हे लगेच कळेल. ९ फेब्रुवारी १९७१ला कॅलिफोर्नियातील लोअर सॅन फर्नांडो या मातीच्या धरणाचा माथा अशाच प्रकारे घसरून जलाशयात गेला. पाणी आणि उरलेला बांध यांत अगदी थोडेच अंतर शिल्लक राहिले. खालच्या वस्तीतल्या सुमारे ऐंशी हजार लोकांना घाईने हलवावे लागले. दैवाने त्या दिवशी साथ दिली. पण दैवाची साथ आराखड्यात धरता येत नाही. म्हणून पायातली माती-वाळू किती घट्ट आहे, हे खणून, ठोकून, प्रयोगशाळेत हलवून तपासतात.

प्रश्न सहावा : पाणी साठल्यावर काय होईल?

हा प्रश्न कोयनेने जगाच्या यादीत पक्का बसवला. जलाशय भरल्यावर भूकंप वाढल्याची उदाहरणे अमेरिकेतील हूवर धरणापासून माहीत होती. १९६० च्या दशकात चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथेही सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. पण कोयनेचा भूकंप हा जलाशयाशी संबंधित असा आजवरचा सर्वांत मोठा भूकंप मानला जातो.

पाण्यामुळे भूकंप कसा होईल? शिवसागरात सुमारे २८० कोटी घनमीटर, म्हणजे २८० कोटी टन पाणी मावते. तरीही पाच-सहा किलोमीटर खोलीवर खडकांचा जो दाब असतो त्यापुढे हे ओझे किरकोळच. खरी करामत पाण्याच्या शिरकावाची. दोन फरश्या एकमेकींवर दाबून ठेवल्या तर त्या सहज सरकत नाहीत. पण त्यांच्यामध्ये दाबाखालचे पाणी शिरले, की ते त्यांना किंचित विलग करते, पकड सैल होते आणि फरशी सरकते. जलाशयाचे पाणी बारीक भेगांतून खाली उतरते आणि तिथल्या पाण्याचा दाब वाढवते. ताण मुळात पृथ्वीचाच असतो, लाखो वर्षांत साठलेला. काठोकाठ भरलेल्या भांड्यात शेवटचा थेंब टाकण्याचे काम तेवढे जलाशय करतो. म्हणून शास्त्रज्ञ याला जलाशयाने घडवलेला नव्हे, तर जलाशयाने चाळवलेला भूकंप म्हणतात.

राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. कोयनेत पाचपेक्षा मोठे भूकंप झाले त्या आधी पाण्याची पातळी आठवड्याला बारा मीटर किंवा अधिक वेगाने चढली होती असे त्यांना आढळले. प्रत्येक वेळी वेगाने पाणी चढले म्हणजे भूकंप होतोच असे नाही, पण जलाशय सावकाश भरावा हा शहाणपणा त्यातून मिळाला. १९८५ नंतर जवळच्या वारणा धरणात पाणी साठू लागले, तेव्हा धक्क्यांचे क्षेत्रही दक्षिणेकडे पसरले. इतके सर्व होऊनही कोयना परिसरातले भूकंप साधारण वीस गुणिले तीस किलोमीटरच्या पट्ट्यातच होत राहिले आहेत. यामुळे जगभरचे शास्त्रज्ञ या पट्ट्याकडे भूकंपाची नैसर्गिक प्रयोगशाळा म्हणून पाहतात.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. जगात हजारो मोठी धरणे आहेत. त्यांपैकी ज्यांच्याशी भूकंपांचा संबंध जोडला गेला आहे अशी ठिकाणे शंभराच्या थोडी वर आहेत.

उत्तरांचे काय करायचे?

सहा प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर दोन पातळ्यांचे भूकंप ठरवतात. पहिला, धरणाच्या आयुष्यात येण्याची बऱ्यापैकी शक्यता असलेला. तो आला तर किरकोळ दुरुस्तीपलीकडे नुकसान होता कामा नये. दुसरा, त्या जागी होऊ शकेल असा सर्वांत मोठा. त्यात भिंतीला तडे गेले, यंत्रे निकामी झाली तरी एक वेळ चालेल, पण पाणी बेबंद सुटता कामा नये, आणि पातळी खाली आणायची दारे उघडलीच पाहिजेत. आपल्याकडे यांसाठी साधारणपणे ४७५ आणि २,४७५ वर्षांचे हादरे धरतात. ज्या धरणाखाली मोठी वस्ती आहे त्याच्यासाठी दहा हजार वर्षांच्या हादऱ्याचा विचार करावा, अशी मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची शिफारस आहे.

इथे दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. धोका आणि जोखीम. जमीन किती हलू शकते हा धोका. तो आपल्या हातात नाही. त्या हलण्याने कोणाचे काय जाईल ही जोखीम. ती पुष्कळशी आपल्या हातात आहे. निर्जन दरीतले धरण आणि गावाच्या डोक्यावरचे धरण यांचा धोका सारखा असेल, पण जोखीम सारखी नाही. भिंत मजबूत करणे, पाण्याची पातळी सांभाळणे, धरण फुटल्यास पाणी कुठवर जाईल याचे नकाशे काढणे, खालच्या गावांना इशारा कसा द्यायचा हे आधी ठरवणे, या सर्व गोष्टी जोखीम कमी करतात. १२ मे २००८च्या चीनमधील ७.९ तीव्रतेच्या भूकंपात झिपिंगपू हे १५६ मीटर उंचीचे धरण भूकंपाच्या केंद्रापासून अवघ्या सतरा किलोमीटरवर होते. ते खचले, त्याच्या काँक्रीटच्या आवरणाला तडे गेले, पण पाणी रोखून उभे राहिले.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. बांधायच्या आधी तपासतात, हे खरे. पण तेवढे पुरत नाही. आपली बरीच धरणे जुनी आहेत. ती बांधली तेव्हा जे माहीत होते त्यापेक्षा आज आपल्याला अधिक माहीत आहे. कोयनेचा आकडा बदलला, किल्लारीनंतर नकाशा बदलला. २००२च्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागच काढून टाकण्यात आला. मग जुन्या आकड्यावर उभ्या असलेल्या धरणाचा हिशेब नव्या माहितीने पुन्हा मांडायला नको का? २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने हे पुनर्मूल्यांकन आणि आणीबाणीचा आराखडा धरणाच्या मालकांवर बंधनकारक केला आहे. तीस मीटर किंवा त्याहून उंच धरणाशी भूकंप नोंदवणारे केंद्र असावे, असेही तो सांगतो.

म्हणून, बाळ, तुझ्या प्रश्नाचे पुरे उत्तर असे. अमुक दिवशी भूकंप होईल असे कोणी सांगू शकत नाही, आणि अमुक भिंत कधीच पडणार नाही अशी शपथही कोणी घेऊ नये. जमीन किती हलू शकेल याचा प्रामाणिक हिशेब मात्र मांडता येतो आणि नवी माहिती आली की तो खोडून पुन्हा लिहिता येतो. ०.०५ लिहिणाऱ्यांची चूक आपल्याला कळली, कारण त्याच धरणात कोणीतरी एक यंत्र बसवून ठेवले होते. आपलाच हिशेब तपासून पाहण्याची सोय त्यांनी केली होती, हे त्यांचे मोठेपण.

विश्वस्त मंडळींना जाता जाता एक विनंती. हाच प्रश्न आपल्या शाळेच्या इमारतीलाही विचारता येईल. जुनी इमारत बांधली तेव्हा कोणता आकडा धरला होता आणि आज कोणता धरायला हवा, हे एखाद्या जाणकार अभियंत्याकडून पाहून घ्यावे. तेवढ्यात मुलांनी ४७५चे गणित सोडवून आणावे. बरोबर सोडवणाऱ्यांची नावे सूचनाफलकावर लावू.